ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली, असं लोक म्हणतात. मी त्यांच्याकडेच शिकले आहे, म्हणून सांगते, हे तितकंसं खरं नाही. अर्ध्या गावाला स्टिअरिंगमागे बसवून मास्तरांनी शेजारच्या सीटवरून स्वतःच गाडी चालवली, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो अडीनडीला वापरायचा असतो. मास्तरांना रस्त्यावर अडीनडीशिवाय दुसरं काही दिसतच नसे. कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं दिसेनासं झालं की ते गेलं कुठे म्हणून ब्रेक. वळण आलं की ब्रेक, आणि रस्ता सरळ लागला की आता ही बया सुसाट सोडणार म्हणून आधीच ब्रेक. शिकवणी संपेपर्यंत शिकणाऱ्याची मान आखडलेली असे आणि मास्तर घामाघूम झालेले असत. त्यांच्या उजव्या बुटाचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजायचा. कोपऱ्यावरचा बूट दुरुस्त करणारा त्यांना लांबून बघूनच "उजवा ना?" म्हणून हात पुढे करायचा. ब्रेकमास्तर हे नाव त्यांना कुणी दिलं कुणास ठाऊक, पण ते सगळ्या गावाला एकदम पटलं. त्यांच्या तोंडावर मात्र आम्ही नुसतं मास्तर म्हणतो.

"माझ्या गाडीला आजवर ओरखडा नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. ते खरंही होतं. पण लायसन्स मिळाल्यावर मी पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन निघाले, तेव्हा घरापाशी वळताना गाडी आपोआप हळू होईल म्हणून वाट बघत बसले. ती झाली नाही. आमच्या इमारतीच्या फाटकाला जो पोचा आहे तो माझा आहे. आवाज ऐकून मास्तर बाहेर आले, फाटक बघितलं, मला बघितलं आणि म्हणाले, "बघ, मी नव्हतो ना शेजारी." त्यांना त्यात स्वतःचं कौतुक दिसलं. मला काय दिसलं ते मी तेव्हा बोलले नाही, कारण त्यांनीच मला धरून पायरीवर बसवलं होतं.

माणूस सोन्यासारखा, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून गैरसमज व्हायचा. माझ्या आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा मी रडत जिना उतरेपर्यंत मास्तरांनी गाडी दारात आणून लावली होती. वाटेत त्यांनी ती इतकी जपून चालवली, की आई मागून क्षीण आवाजात म्हणाली, "मी चालत गेले असते तर पोचले असते." आई नंतर बरी झाली आणि ही गोष्ट तिनं सगळ्यांना सांगितली. मास्तरांनाही सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "पण धक्का बसला का?"

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मास्तरांनी शिकवणी पुतण्याच्या हाती दिली आणि घरी बसले. गाडी गेली, पण पाय राहिला. खरी पंचाईत तिथून सुरू झाली.

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, घरी कपडे दुरुस्त करतात. विजारी आखूड करणं, कोटाचं अस्तर बदलणं, बिघडलेल्या चेनी काढून नव्या बसवणं. पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं पायाचं मशीन आहे आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लोकांच्या विजारी टांगलेल्या असतात. काकू कामाला बसल्या की बोलत नाहीत, कारण टाचण्या ओठांत धरलेल्या असतात. मास्तर आयुष्यभर दिवसा घराबाहेर असल्यामुळे हे त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं. आता ते खुर्ची ओढून मशीनशेजारी बसायला लागले. शिवण सरळ चालली असेल तोवर ठीक. ती खिशाच्या कोपऱ्याशी आली की मास्तरांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा आणि तोंडातून निघायचं, "वळण आलं, हळू घे." काकू टाचण्यांमुळे उत्तर देऊ शकत नसत. मास्तरांना वाटायचं, ऐकतेय.

एका संध्याकाळी काकू गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून जिना चढून माझ्याकडे आल्या. मी नुकतीच कामावरून आले होते. मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर परक्यांची बत्तिशी हातभर अंतरावरून न्याहाळल्यावर संध्याकाळी काहीतरी लांबचं बघावंसं वाटतं, म्हणून मी गावातल्या आकाश बघणाऱ्या मंडळात जाते. काकूंना हे माहीत होतं.

"तुझ्या त्या दुर्बीणवाल्यांत एखादा माणूस खपेल का?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"कोण म्हणजे काय. घरात दुसरं कोण आहे माझ्या?"

मी चहा टाकला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून गेल्या. कांदा चिरताना हे शेजारी, दूध तापताना हे शेजारी, दाराची कडी लावताना हे शेजारी. रागवत नाहीत, ओरडत नाहीत, फक्त सांगत राहतात. "चुकीचं सांगत असते ना, तर भांडले तरी असते. बरोबर सांगतात गं. मला जे गेली तीस वर्षं येतंय तेच सांगतात."

मग म्हणाल्या, "लग्न झाल्यावर मीपण शिकायला गेले होते ह्यांच्याकडे गाडी. तुला माहीत नसेल."

मला खरंच माहीत नव्हतं.

"चार दिवस गेले. चारही दिवस गाडी ह्यांनीच थांबवली. माझा पाय ब्रेकपर्यंत पोचायचा त्याच्या आधी. पाचव्या दिवशी म्हटलं, मला जमत नाही. तर हे म्हणाले, हरकत नाही, मी आहे ना." काकूंनी टेप गळ्यातून काढून बोटाला गुंडाळली. "धाकट्या बहिणीकडे एक खोली रिकामी आहे. ती कधीची बोलावतेय. ह्यांचं काही जमलं नाही, तर मी जाईन तिकडे."

"किती दिवस?"

"बॅग घेऊन गेले तर रुसून गेले असं समज. मशीन घेऊन गेले तर वाट बघू नका."

काकू अशी वाक्यं उगाच टाकत नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी मास्तरांना गाठलं आणि मंडळाला अनुभवी माणसाची फार गरज आहे, अशी शुद्ध थाप मारली.

आमचं मंडळ म्हणजे मोजकी डोकी आणि तीन दुर्बिणी. प्रमुख आहेत बसथांब्यासमोरचे औषधवाले. हिवाळ्यात महिन्यातून एकदा शाळेच्या मैदानावर आम्ही लोकांना बोलावतो. फलक लावतो, "दुर्बीण चालवायला शिका". आणि आमची एक पद्धत आहे, जिच्यावरून लोक कधीकधी वैतागतात. आम्ही ग्रह आयता दाखवत नाही. एकाचं बघून झालं की दुर्बीण मुद्दाम बाजूला ढकलून देतो. पुढच्यानं स्वतः शोधायचा. औषधवाल्यांचं म्हणणं असं, की आयता बघितलेला ग्रह माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो.

ही पद्धत ऐकून मास्तरांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे बरोबर रस्त्यावर आणलेली गाडी मुद्दाम खड्ड्यात घालायची?"

"तसंच समजा," औषधवाले म्हणाले.

शिकवणी आमच्याच गच्चीवर सुरू झाली. मास्तर पॉलिश केलेले बूट घालून आले. स्टुलावर बसले, स्टूल मागेपुढे करून जागा नीट केली, आणि मान वर करून इकडेतिकडे काहीतरी शोधायला लागले.

"काय बघताय?" मी विचारलं.

"आरसा. मागून कोण येतंय ते कसं कळणार?"

"मागून कुणी येत नाही, मास्तर," औषधवाले म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," मास्तर म्हणाले. पण बसले.

पहिला धडा चंद्राचा, कारण तो कुणालाही सापडतो. वरच्या छोट्या दुर्बिणीतून अंदाज घ्यायचा, मग मोठीला डोळा लावायचा, मग हळूहळू खुंटी फिरवत चित्र स्पष्ट करायचं. इथपर्यंत मास्तर उत्तम. त्यांचा हात हलका आहे, घाई नाही. चंद्रावरचे खड्डे दिसले तेव्हा त्यांनी ते एकेक करून न्याहाळले. मग म्हणाले, "रस्त्याची अवस्था फार वाईट आहे." आम्ही हसलो. औषधवाल्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, की हा माणूस लागेल कामी.

आणि तेवढ्यात चंद्र सरकायला लागला. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीतली प्रत्येक गोष्ट बघता बघता कडेला जाते. तिला परत मधे आणायला हात आपल्याला वाटतं त्याच्या उलट बाजूला न्यावा लागतो, कारण आतलं चित्र उलटं असतं. हे सगळं मी सांगितलं होतं. मास्तरांच्या डोक्यानं ऐकलंही होतं. पायानं ऐकलं नव्हतं. चंद्र कडेला गेला मात्र, मास्तरांचा उजवा पाय धाडकन पुढे गेला आणि दुर्बिणीच्या तीन पायांपैकी एकाला लागला. दुर्बीण गर्रकन फिरली. औषधवाल्यांनी झडप घालून धरली म्हणून वाचली.

"चुकून लागला," मास्तर म्हणाले.

चुकून तो परत लागला. गुरू कडेला गेला तेव्हा लागला, ढगाआडून एक साधासुधा तारा बाहेर आला तेव्हाही लागला. औषधवाले शांत स्वभावाचे आहेत, तरी शेवटी म्हणाले, "मास्तर, थांबायचं नाही हे. पृथ्वीला ब्रेक नाही."

मास्तरांनी दुर्बिणीवरून डोळा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "मग चालवायला कुणी दिली?"

उपाय मला सुचला. गच्चीवर टाकीखाली विटा पडलेल्या होत्या. त्यातली एक मी उचलून दुर्बिणीपासून लांब, त्यांच्या उजव्या पायाशी ठेवली. "दाबायचंच असेल तर हिला दाबा." मास्तरांना अपमान वाटेल अशी भीती होती. पण ते खूश झाले. पायाखाली काहीतरी आल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. ग्रह सरकला की पाय विटेवर, हात दुर्बिणीवर, आणि दोन्ही आपापलं काम करत. वीट फरशीवर कर्रकर्र वाजायची तेवढंच. काही आठवड्यांत मास्तर शनीची कडीसुद्धा सहज काढून दाखवायला लागले. लोक शनी मागे लागू नये म्हणून धडपडतात, आणि आमचे मास्तर रोज संध्याकाळी विटेसकट शनीच्या मागे.

खालच्या मजल्यावर शांतता पसरेल असं मला वाटलं होतं. ती पसरली, पण फक्त मास्तर गच्चीवर असेपर्यंत. खाली उतरले की ते परत मशीनशेजारच्या खुर्चीवर. आणि मग ती कोटाची गोष्ट घडली.

कुणाचा तरी भारी कोट होता. काकू अस्तर बसवत होत्या. बगलेशी शिवण वळते तिथे कापड सरकतं, म्हणून मशीन अगदी हळू चालवावं लागतं, आणि काकू तशीच चालवत होत्या. मास्तर शेजारी होते. वीट वर गच्चीवर होती. वळण आलं आणि मास्तरांचा पाय पुढे गेला. फरशीवर नाही. मशीनच्या पायडलवर, काकूंच्या पायावर. सुई मोडली, अस्तर फाटलं.

हे मला काकूंनी सांगितलं नाही, मास्तरांनी सांगितलं, आणि तेही "सुया हल्ली हलक्या येतात" अशा थाटात. काकूंनी त्या दिवशी काय केलं, असं मी विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. "टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. जेवायला वाढलं."

मी मनात म्हटलं, संपलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकूंनी माझ्याकडे मोठा खोका आणि दोरी मागितली. मी दिली. नाही म्हणायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. काकूंनी ठरवलेला टेम्पोवाला ज्या सकाळी येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचा मैदानावरचा कार्यक्रम होता.

मैदानावर शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिवे बंद करून दिले होते. मास्तरांकडे मधली दुर्बीण होती आणि त्यांनी वीट कापडी पिशवीतून बरोबर आणली होती. दुर्बीण लावता लावता ते मला म्हणाले, "मशीन खोक्यात का घातलंय हिनं? दुरुस्तीला द्यायचंय का?"

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं. म्हणाली, उद्या कळेल."

"मास्तर," मी म्हटलं, आणि न सांगायचं ठरवलं होतं ते विसरून सांगून टाकलं, "त्या बहिणीकडे राहायला चालल्या आहेत. मशीन घेऊन."

मास्तरांनी खुंटीवरचा हात काढला. त्यांना समजायला वेळ लागला नाही, ते मठ्ठ कधीच नव्हते. फक्त इतकं म्हणाले, "कोटामुळे?"

"एकट्या कोटामुळे नाही."

ते काही बोलणार होते, पण लोक यायला लागले. रांग लागली. मास्तरांनी काम सुरू केलं, पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडून आमची पद्धत पाळली जाईना. दुर्बीण बाजूला ढकलायची, लोकांनी शोधायला लागायचं, आणि निम्म्या वाटेवर मास्तरांचा हात मधे घुसायचा. "हं, झालं, बघा. दिसला? पुढे." माणसं धडाधड शनी बघून जात होती आणि घरी पोचेपर्यंत विसरणार होती. पायाखालची वीट सारखी कर्रकर्र करत होती. औषधवाल्यांनी दोनदा माझ्याकडे बघितलं. मी त्यांना हातानंच थांबा म्हटलं.

आणि मग रांगेत मला काकू दिसल्या. अंगावर शाल, हातात पर्स, बसथांब्यावर उभ्या असाव्यात तशा शांत. मी शेजारी गेले तेव्हा म्हणाल्या, "इतके महिने ऐकतेय त्या शनीबद्दल. म्हटलं, जायच्या आधी एकदा बघून घ्यावा."

त्यांची पाळी आली. मास्तर स्टुलावरून उठले. बायकोला बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते अंधारात दिसलं नाही, पण आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "आधी वरच्या छोट्या दुर्बिणीतून..."

"पद्धत काय आहे तुमची?" काकूंनी मला विचारलं.

"आपलं आपण शोधायचं."

"मग शोधते."

मास्तरांनी दुर्बीण बाजूला ढकलली आणि मागे सरकले. काकू स्टुलावर बसल्या. छोट्या दुर्बिणीतून त्यांनी बघितलं, मग मोठीला डोळा लावला, आणि हात नेमका चुकीच्या बाजूला नेला. सगळेच नेतात. मास्तरांचा हात उचलला गेला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला. काकूंनी परत बघितलं, हात परत चुकीच्याच बाजूला गेला. विटेचा आवाज झाला. काकूंनी डोळा न काढता म्हटलं, "तुमच्या विटेचा आवाज येतोय मला. माझा हात हलतो."

मास्तरांनी पायानं वीट बाजूला सरकवली, इस्त्रीच्या विजारीची पर्वा न करता कुरकुरत्या गुडघ्यांसकट मैदानाच्या मातीवर मांडी घालून बसले, आणि उजवं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते. त्यांचं ते पाऊल मी पहिल्यांदाच स्वस्थ बघितलं, आणि तेही पकडून ठेवलेलं.

काकूंना वेळ लागला. पुष्कळ लागला. शनी सापडायचा, कडेला जायचा, त्या चुकीच्या बाजूला वळवायच्या आणि परत पहिल्यापासून. मागे रांगेत चुळबुळ सुरू झाली. एक गृहस्थ म्हणाले, "अहो, मास्तरांना लावून द्यायला सांगा ना, कितीसा वेळ लागतो."

जमिनीवर बसलेले मास्तर मागे वळून म्हणाले, "शिकतेय ती. मागून हॉर्न वाजवू नका."

रांग गप्प झाली. त्यातल्या निम्म्या लोकांनी गाडी त्यांच्याकडेच शिकली होती, आणि त्यांना हे वाक्य आपल्या वेळी ऐकायला मिळालं नव्हतं. काकूंनी ते ऐकलं. त्यांचा हात थांबला, मग परत हळूच हलला, या वेळी बरोबर बाजूला. शनी सरकला की त्या सोडायच्या नाहीत, सुईखालचं कापड सरकवावं तसं दुर्बिणीला बोटानं जरासं पुढे घ्यायच्या. मग त्या हलल्याच नाहीत.

"सापडला?" मास्तरांनी खालून विचारलं.

"हं."

"कसा आहे?"

काकूंनी बराच वेळ बघितलं. "बटण आहे. आणि त्याच्याभोवती काज."

मास्तरांनी आजवर शेकडो लोकांना शनी कसा दिसतो ते स्वतःच सांगितलं होतं. त्या दिवशी त्यांनी काही दुरुस्ती सुचवली नाही. काकू स्टुलावरून थोड्या बाजूला सरकल्या, पण हात दुर्बिणीवरच ठेवला. "या, तुम्ही बघा. मी धरते मधे."

मास्तर माझा हात धरून उठले. गुडघे वाजले. त्यांनी डोळा लावला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. काकू बोटानं दुर्बीण पुढे घेत राहिल्या. मी मास्तरांच्या उजव्या बुटाकडे बघत होते. तो जागचा हलला नाही.

"सरकत नाहीये," मास्तर म्हणाले.

"सरकतोय," काकू म्हणाल्या. "मी आहे ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो आला. मी खिडकीत उभी होते, कामावर जायला उशीर होत होता तरी उभी होते, खोटं कशाला सांगू. टेम्पोवाला मास्तरांचाच विद्यार्थी होता. त्याला त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. मग काकू खाली आल्या. हातात फक्त बॅग होती. मास्तर त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला गेले, आणि बस सुटताना त्यांनी ड्रायव्हरला एकही सूचना केली नाही, असं समोरच्या दुकानातून बघणाऱ्या औषधवाल्यांनी मला सांगितलं. खोक्यातलं मशीन मास्तरांनी त्याच दुपारी बाहेर काढून खिडकीशी होतं तिथे ठेवलं, आणि शेजारची खुर्ची उचलून आत नेली.

काकू आठवडाभरात परत आल्या. आल्यावर त्यांनी मला बोलावलं. त्यांना गाडी शिकायची होती. पुतण्याची शिकवणीची गाडी शाळेच्या मैदानावर सकाळी रिकामी मिळणार होती. अट एकच, मास्तर मागच्या सीटवर. शेजारच्या सीटवर मी.

"मी कशाला?" मी म्हटलं.

"तुझ्या पायाला ती सवय नाही," काकू म्हणाल्या.

मला हे अगदी पटलं. इतकी वर्षं मी त्या पायाची चेष्टा करत आले होते, माझ्याइतकं योग्य कोण असणार. मी ऐटीत शेजारी बसले. मास्तर मागे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन, जगाच्या कुठल्याही घडामोडीशी संबंध नसल्यासारखे. काकूंनी सीट पुढे घेतली, आरसा बघितला आणि गाडी सोडली. गाडी मैदानावरून हळूहळू चालली. छान चालली होती. मग समोर गोलचा खांब आला. लांब होता, पण येत होता. काकूंच्या चेहऱ्यावर काही हालचाल नाही. खांब आणखी जवळ आला. माझ्या नकळत माझा उजवा पाय उचलला गेला आणि खाली तो दुसरा ब्रेक होता, तिकडे निघाला.

"पाय मागे घे," मागून मास्तरांचा आवाज आला, अगदी हळू. "तिला दिसतोय खांब."

मी पाय मागे घेतला. काकूंनी चाक वळवलं आणि खांब खिडकीशेजारून आरामात मागे गेला. मास्तरांनी पिशवीत हात घातला, वीट काढली आणि दोन सीटांच्या मधून माझ्यापुढे धरली.

"घे," ते म्हणाले. "सुरुवातीला लागते."